भुवयांना हात लावायचा नाही

भाऊंनी काढलेला कुत्रा भुंकायचाच काय तो बाकी असे. हे त्यांचं स्वतःचं मत नव्हतं. त्यांच्या सलूनमध्ये येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा. आता मानेशी वस्तरा असताना माणूस वाईट कशाला बोलेल, हे खरं. पण तीच माणसं ते चित्र घरी नेऊन दर्शनी भिंतीवर लावत, आल्यागेल्याला दाखवत, तेव्हा त्यांच्या मानेशी काही नसे.

दोन खुर्च्यांचं सलून, समोर लांबलचक आरसा आणि मागे टॉवेल वाळत घालायची एक चिंचोळी खोली. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नसे. तेवढ्या वेळात भाऊ मागच्या खोलीत चित्रं काढत. अ‍ॅक्रिलिक रंगांची खोड अशी की ते बघता बघता वाळतात, आणि वाळले की एक छटा गडद होऊन बसतात. बाकीचे हौशी लोक यावरून कुरकुर करत. भाऊंकडे इलाज आयताच होता. केसांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली ते अधूनमधून पॅलेटवर मारत. रंग ओले राहत. एखादा थर झटपट वाळवायचा असला तर ड्रायर होताच. दाढीचा एक झिजलेला ब्रश त्यांनी प्राण्यांच्या अंगासाठी राखून ठेवला होता. खालचा गडद थर वाळला की तो ब्रश जेमतेम रंगात टेकवायचा, कागदावर पुसायचा आणि केस जिकडे वळतात तिकडे हलक्या हाताने ओढत न्यायचा. लव उभी राही.

शिवाय भाऊ प्राण्यांचं काहीही लपवत नसत. एक डोळा गेलेला बोका त्यांनी एकाच डोळ्याचा काढला. भांडणात कान फाटलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचा कान फाटकाच ठेवला. तिची मालकीण, एका बँकेतली कॅशियर, ते चित्र बघून सलूनच्या खुर्चीत बसून हमसाहमशी रडली होती आणि दाढीला आलेली दोन माणसं ताटकळत उभी राहिली होती.

माणसांच्या बाबतीत मात्र घोडं अडत होतं.

भाऊ हौशी चित्रकारांच्या एका मंडळात जात. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं जमायची. मंडळ चालवायच्या त्या एक निवृत्त चित्रकला शिक्षिका. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत, आणि सत्तरीची माणसंसुद्धा त्यांच्यासमोर शाळेतल्यासारखी ताठ बसत. वर्षातून एकदा मंडळाचं प्रदर्शन भरे. मोठ्या दालनात माणसांची चित्रं लागत. फुलं, फळं, बाटल्या आणि प्राणी हे सगळं जिन्याजवळच्या बोळात, जिथे लोक छत्र्या झटकतात तिथे. सात वर्षं भाऊंची चित्रं त्या बोळात लागत होती. मंडळात त्यांना 'कुत्र्यामांजरांचे भाऊ' म्हणत. म्हणणारे प्रेमानेच म्हणत, पण ते भाऊंना झोंबायचं ते झोंबायचंच.

मोठ्या दालनात जायचं तर बाईंची परीक्षा होती. त्या परीक्षेत रंगरेषांबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. चित्र ज्याचं आहे त्याला चांगलं ओळखणारं एक माणूस बाई स्वतः शोधून आणत. चित्रकाराच्या घरचं माणूस चालत नसे. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. बाई ते फिरवायच्या आणि विचारायच्या, "कोण?" एका दमात नाव आलं तर चित्र दालनात. समोरचा विचारात पडला की संपलं. बाई म्हणायच्या, "ओळखीच्या माणसाला रस्त्यात बघून तुम्ही विचार करता का? नाही ना? मग इथेही नको."

भाऊ या परीक्षेत दोनदा आपटले होते. पहिल्यांदा त्यांनी बायकोचं चित्र काढलं. तिच्या कचेरीतल्या मैत्रिणीने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हिची धाकटी बहीण का?" बायको आठवडाभर अशी खुशीत होती की विचारू नका, भाऊ मात्र बोळात. दुसऱ्या वर्षी पोस्टमनचं. त्याच्या सख्ख्या भावाने मान तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली आणि म्हणाला, "बघितल्यासारखा वाटतोय. टीव्हीवर असतो का?"

या वर्षी भाऊंनी घरात जाहीर करून टाकलं. "ही शेवटची खेप. नाही जमलं तर माणसं बंद. मरेपर्यंत कुत्री काढीन."

"असं तोडून बोलू नका," बायको म्हणाली.

"तोडून नाही, ठरवून बोलतोय."

नवऱ्याचा चेहरा तिला कळत होता. त्याला माणसं काढायची होती. दिवसभर ज्यांचे चेहरे हातात धरायचे, ज्यांची सुखदुःखं ऐकायची, त्यातला एकही चेहरा आपल्याला धरता येऊ नये, हे त्याला आतून खात होतं.

*

या खेपेला भाऊंनी सासऱ्यांना धरलं.

सासरेबुवा घड्याळजी होते. दुकान बंद करून लेकीकडे राहायला आले, त्यालाही आता पाच वर्षं झाली होती. पण खिडकीपाशी टेबल मांडून अजून घड्याळं उघडून बसत. पन्नास वर्षं डाव्या डोळ्यात भिंग धरून त्यांचा चेहरा एका बाजूने वर ओढला गेला होता. डावी भुवई उजवीपेक्षा बोटभर उंच. भुवया कसल्या, झुडपंच ती. कानांतूनही केसांचे झुपके डोकावत. अशा माणसाच्या घरात केस कापणारा जावई, म्हणजे भाऊंच्या हाताला किती खाज सुटत असेल याची कल्पना करा.

पण सासरेबुवांनी लग्न ठरलं त्याच दिवशी बजावलं होतं, "मुलगी तुमच्या हाती देतोय जावईबापू, मान देणार नाही." आणि सव्वीस वर्षं शब्द पाळला होता. केस कापायला ते जात समोरच्या उस्तादांकडे. अगदी समोर. मध्ये फक्त रस्ता. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सासरेबुवा भाऊंच्या काचेसमोरून ऐटीत रस्ता ओलांडत आणि अर्ध्या तासाने मान झटकत परत येत. भाऊंनी समोर सलून थाटलं म्हणून उस्ताद त्यांच्याशी बोलत नसत. वीस वर्षांत दोघांचं जे काही बोलणं झालं ते गिऱ्हाइकांच्या तोंडून.

चित्राला बसायला मात्र सासरेबुवा चटकन तयार झाले. "कात्री नाही ना? मग बसतो."

भाऊंनी त्यांना सलूनच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. प्रकाश डावीकडून. पांढरा सदरा. दहा दुपारी काम चाललं. कपाळाची सुरेख रेघ, तिच्यावर रुपेरी केस, मग गालांचे थर. कातडीचा रंग भाऊंना नेमका सापडला होता. वाळल्यावर किती गडद होईल याचा हिशेबही बरोबर उतरला. अकराव्या दुपारी त्यांनी सही केली, ड्रायर फिरवला आणि बायकोला बोलावलं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

बायको आली. बघितलं. "छान," ती म्हणाली. बायकोचं नुसतं 'छान' काय असतं हे कुठल्याही नवऱ्याला सांगायची गरज नाही.

मग सासरेबुवा आले. त्यांनी भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि चित्र असं तपासलं, जणू ते पाच मिनिटं मागे पडत होतं.

"हे गृहस्थ कोण?"

"तुम्हीच की, बाबा."

"मी? हा माणूस पाहुणा म्हणून कुठेतरी निघालाय." त्यांनी बोट कॅनव्हासजवळ नेलं. "माझ्या भुवया कुठे आहेत?"

"या काय, आहेत की."

"या कापलेल्या आहेत. आणि दोन्ही एका रेषेत? कानावरचे केस गेले. मानेवरचे गेले. कल्ले सारखे केलेत." त्यांनी भिंग काढून खिशात टाकलं आणि जावयाकडे बघितलं. "सव्वीस वर्षं मी तुमच्या कात्रीखाली आलो नाही. शेवटी डाव साधलात जावईबापू. ब्रशने हजामत केलीत माझी!"

बायको हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग भिंतीला टेकून. सासरेबुवांनाही स्वतःचंच बोलणं आवडलं आणि तेही हसू लागले. भाऊ तेवढे उभे होते.

मग ते तडक माळ्यावर चढले. बायकोचं चित्र खाली काढलं, पोस्टमनचं काढलं, आणखी चार जुनी काढली आणि सगळी भिंतीला लावून ठेवली. बायकोच्या कानशिलापाशी पांढऱ्या केसांची एक बट होती, चित्रात नव्हती. पोस्टमनचे केस टोपीखालून पिंजारल्यासारखे बाहेर येत. चित्रात ते जिथल्या तिथे होते. एकूण एक माणूस भाऊंच्या खुर्चीतून नुकताच उठला होता. कोणाची मान साफ, कोणाच्या मिशा सारख्या, कोणाचं कपाळ मोकळं. मानेभोवतीचं कापड झटकायचंच काय ते राहिलं होतं.

भाऊंनी कपाळाला हात लावला. तीस वर्षांचा हात होता तो. माणसाचं डोकं समोर आलं की काय वाढलंय, काय वाकडं झालंय ते आधी दिसायचं, आणि भाऊंना विचारायच्या आत हात कामाला लागायचा. बोक्याची मात्र त्यांनी कधी हजामत केली नव्हती. म्हणून बोका बोका राहिला होता.

परीक्षेला सहा दिवस उरले होते.

*

"पुन्हा काढतो," भाऊ म्हणाले. अ‍ॅक्रिलिकचं एक बरं असतं. वाळलेल्या रंगावर खुशाल दुसरा रंग चढवा, तो तक्रार करत नाही. त्यांनी सासऱ्यांचा चेहरा मातकट रंगाने झाकून टाकला. एक विनंती केली, "बाबा, परवाच्या बुधवारी उस्तादांकडे जाऊ नका. चित्र होईपर्यंत एक केसही कापायचा नाही." सासरेबुवांनी कबूल केलं, पण चाळीस वर्षांत एक बुधवार चुकवला नव्हता, आता तो जावयापायी चुकवतोय, हे घरात चार वेळा ऐकवलं.

पहिल्या दिवशी पुन्हा तेच झालं. भाऊंनी मनाशी घोकलं, भुवयांना हात लावायचा नाही. भुवया दाट काढल्या. आणि त्यांचं लक्ष नाही बघून हाताने टोकं गोल करून टाकली. पुसलं, परत काढलं. परत तसंच. जीव मेटाकुटीला आला. संध्याकाळी घरी येऊन ते भुवयांचंच रडगाणं गात जेवायला बसले.

"एवढं काय त्यात," बायको म्हणाली. "बाबांना कुत्रा समजून काढा."

"कुठल्या जातीचा?" सासरेबुवांनी पलीकडून विचारलं. त्यांना ऐकू कमी येतं असं घरात सगळे समजत.

"अहो, थट्टा केली मी," बायको म्हणाली.

पण भाऊंचा घास हातातच राहिला होता. कुत्र्याचं चित्र काढायचं तर आपण काय करतो? त्याला खुर्चीवर बसवतो का? नाही. त्याच्या घरी जातो. जमिनीवर फतकल मारून बसतो. तो त्याच्या उद्योगाला लागेपर्यंत काही करत नाही. आणि मग खालून वर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून बघतो. माणसं मात्र भाऊ आजवर वरून बघत आले होते. वरून, मागून, नाही तर आरशातून. समोरचा बसलेला, भाऊ उभे. तीस वर्षांत एकही डोकं त्यांनी खालून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सलूनच्या दारावर 'बंद'ची पाटी लावली. सणासुदीलाही जी पाटी कधी लागली नव्हती ती लागलेली बघून समोरचे उस्ताद रस्त्यापर्यंत येऊन गेले म्हणतात.

भाऊ घरी खिडकीजवळच्या टेबलाशेजारी जमिनीवर बसले. मांडीवर कॅनव्हास, बाजूला पाण्याचा डबा. सासरेबुवा एक जुनं टेबल-घड्याळ उघडून बसले होते.

"तिथे काय करताय?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

"मला असं कोणी खालून बघितलेलं नाही."

"मीही कोणाला बघितलेलं नाही."

पहिला तास सासरेबुवा अवघडले. हनुवटी वर करत, ओठ दाबत. मग घड्याळाचा एक स्क्रू हट्टाला पेटला आणि ते जावयाला पार विसरले. डोळ्यात भिंग बसलं. डावा गाल वर गेला, भुवई कपाळात चढली आणि खालचा ओठ लहान पोरासारखा बाहेर आला. खिडकीचा उजेड कानामागून येत होता, आणि कानातला तो केसांचा झुपका, ज्याच्यावर भाऊंचा सव्वीस वर्षं डोळा होता, तो त्या उजेडात पेटल्यासारखा दिसत होता. खालून भाऊंचा हात तिथे पोचत नव्हता. कापायला जागाच नव्हती. बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

भाऊंना एकाएकी हा म्हातारा फार आवडला. सव्वीस वर्षं जे नीटनेटकं करायचं म्हणून खुपत होतं, तोच हा माणूस होता. दुरुस्त करण्याजोगं त्यात काही नव्हतंच.

त्यांनी चेहऱ्याची बाहेरची रेघ काढलीच नाही. कुत्र्याचं चित्र ते जिथे केस सगळ्यात हट्टी असतात तिथून सुरू करत. तसंच डाव्या भुवईपासून सुरू केलं. आधी गडद तपकिरी, करडा, थोडा निळा. फवारा, पॅलेट, पुन्हा फवारा. वाळल्यावर दाढीचा ब्रश कोरडा करून केस जिकडे जातील तिकडे नेला. आणि ते सगळीकडे जात होते. एक वर, दोन डोळ्यात, एक थेट नाकाच्या दिशेने. भुवईने गालाला ओढलं, गालाने ओठाला. भिंगाची जुनी वळी डोळ्याभोवती उमटली. ड्रायरच्या आवाजाने सासरेबुवा दर वेळी दचकत आणि दर वेळी "कापत तर नाही ना?" असं विचारत.

तीन दिवस हे चाललं. सलून बंद, दाढ्या वाढलेली माणसं दारावरची पाटी वाचून परत. चौथ्या दिवशी बायको कचेरीतून आली, चपला काढता काढता तिचं लक्ष गेलं आणि ती चित्राला म्हणाली, "बाबा, चहा घेतलात का?"

मग तिने तोंडावर हात ठेवला. भाऊंनी मात्र पुन्हा ब्रश उचलला. घरचं माणूस परीक्षेत चालत नाही.

*

रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सगळं मंडळ भिंतीच्या कडेने बसलं होतं. भाऊंचं चित्र चौथं होतं. पहिल्या तीन चित्रांपैकी एकच पास झालं. बाईंनी दाराकडे बघून हाक मारली, "या हो, आत या."

आत आले ते समोरचे उस्ताद.

भाऊंच्या पायाखालची जमीन सरकली. बाईंचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. घड्याळजींचा चेहरा चाळीस वर्षं हाताळलेला माणूस घराबाहेर दुसरा कोण सापडणार? पण भाऊंचं चित्र आहे एवढा वास लागला तरी या माणसाने आपल्या बापालाही ओळखलं नसतं. सासरेबुवांना बाईंनी खालीच, वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी बसवून ठेवलं होतं. आता काही करता येत नव्हतं. भाऊ कोपऱ्यातल्या खांबामागे सरकले.

"चित्रकार कोण ते तुम्हाला सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "चित्र कोणाचं तेही नाही. बघायचं आणि सांगायचं."

"चित्रांतलं मला काही कळत नाही," उस्ताद म्हणाले.

"फारच उत्तम." बाईंनी कॅनव्हास फिरवला. "कोण?"

उस्तादांनी नाव घेतलं नाही. ते एकदम चिडले. तरातरा दोन पावलं पुढे गेले, उजव्या हाताची बोटं कात्रीसारखी दोनदा उघडली, मिटली आणि ते चित्रावरच ओरडले, "बुधवारी कुठे होतात? अं? मी पाणी गरम करून बसलो होतो! आणि ही काय अवस्था करून घेतलीय? या भुवया बघा!"

भिंतीच्या कडेने बसलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"कोणाशी बोलताय?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"कोणाशी म्हणजे? या घड्याळजींशी! चाळीस वर्षं येतोय माणूस, आणि..." उस्ताद थांबले. त्यांच्या हाताची बोटं रंगाच्या दोन इंच अलीकडे थबकली होती. त्यांनी हात मागे घेतला, त्याच्याकडे बघितलं. मग चित्राकडे. मग कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण एका कापडाला रागावलो.

कोणीतरी हसलं आणि मग अख्खं दालन हसायला लागलं. टाळ्या पडल्या. बाई टाळ्या वाजवत नसत, त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या आणि चष्मा पुसू लागल्या. भाऊ खांबामागून बाहेर आले.

उस्तादांनी त्यांना बघितलं. "तुम्ही काढलंत?"

"हो."

वीस वर्षांत हे त्यांचं पहिलंच सरळ बोलणं. उस्ताद पुन्हा चित्राकडे वळले आणि या वेळी सावकाश बघू लागले. कानातला उजेड, भिंगाची वळी, नाकाकडे निघालेला तो एक केस.

"हा केस," ते म्हणाले, "दर महिन्याला कापतो. परत तिथेच येतो."

"मला माहीत नव्हतं. मी फक्त बघितला तो."

"आणि तसाच ठेवलात? हात शिवशिवले नाहीत?"

"शिवशिवले की. चार दिवस झोप नाही."

उस्तादांनी मान हलवली. ही गोष्ट त्या दालनात फक्त दोघांना कळण्यासारखी होती. "माझ्याच्याने झालं नसतं," ते म्हणाले, आणि ज्याला वीस वर्षं एक शब्द दिला नव्हता त्याच्या खांद्यावर थाप मारली.

बाई उठल्या. "मोठं दालन," त्या म्हणाल्या. "दारासमोरची भिंत. आत येणाऱ्याला आधी हेच दिसलं पाहिजे."

भाऊ जिन्याजवळच्या बोळात गेले, सात वर्षं जिथे त्यांचे बोके लटकले होते तिथे, आणि भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले. मग डोळे पुसून खाली गेले. सासरेबुवा वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

"काय झालं?"

"ओळखलं, बाबा. उस्तादांनी. शिव्या घातल्या तुम्हाला."

"मला? का?"

"बुधवारी गेला नाहीत म्हणून."

सासरेबुवांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, जावयाचा रंग लागलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

*

प्रदर्शन तीन दिवस चाललं. सासरेबुवा रोज सकाळी दार उघडायच्या आधी हजर. केस कापून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. चित्राशी जुळलं नाही तर लोक ओळखणार कसे, हा त्यांचा सवाल होता. लोक चित्र बघत, मग बाजूला उभ्या म्हाताऱ्याकडे बघत, मग पुन्हा चित्र बघत, आणि सासरेबुवा डावी भुवई होती त्याहून थोडी वर चढवून उभे राहत. विचारणाऱ्याला सांगत, न विचारणाऱ्यालाही सांगत, "माझ्या जावयाने काढलंय. तीन दिवस जमिनीवर बसून." उस्ताद दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी आपल्या दोन गिऱ्हाइकांना बरोबर आणलं होतं, आणि त्यांना चित्र समजावून सांगताना कोणाला बोलू देत नव्हते.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी, गर्दी ओसरत असताना, एक स्त्री चित्रासमोर थांबली. गावात नवीन असावी. भाऊंना ती ओळखत नव्हती, मंडळातही तिला कोणी ओळखत नव्हतं. खांद्याला बाजाराची पिशवी. ती बराच वेळ उभी राहिली. सासरेबुवांनी 'ते बघा, माझे जावई' म्हणून तिला बोट दाखवलं, तेव्हा भाऊंना राहवलं नाही आणि ते शेजारी जाऊन उभे राहिले.

"माझे वडील असेच बसायचे," ती म्हणाली. "ते शिंपी होते. सुईत दोरा ओवताना ओठ अस्सा बाहेर." तिने डोळे टिपले. "तुमच्याइतकं माणसाला ओळखणारा मी बघितला नाही हो."

भाऊंनी मान लववली.

"एक विचारू का?" ती जरा संकोचून म्हणाली. "रागावू नका. तुम्ही माणसांचे चित्रकार, तुम्हाला असलं विचारणं बरं दिसत नाही. पण आमच्याकडे एक मांजर आहे. तसलं काही कधी काढता का तुम्ही?"

मागे मंडळाच्या बाई हिशेबाच्या वहीत डोकं घालून उभ्या होत्या; त्यांचे खांदे हलायला लागले. सासरेबुवांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. भाऊ मात्र हसले नाहीत. सात वर्षं जे ऐकायला जीव टाकला होता ते कानांत नीट उतरू दिलं, छाती भरून श्वास घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाले,

"आणा की. मांजरंही जमतात मला, थोडीफार."